किशोरांची मद्यवर्जन-प्रतिज्ञा

किशोरांची मद्यवर्जन-प्रतिज्ञा : मुलामुलींनी धर्मसंस्थेच्या अथवा धर्मप्रेरित संघटनेच्या साक्षीने घेतलेली, मद्याला स्पर्श न करण्याची लेखी वा तोंडी शपथ. ह्या प्रथेचा उदय १९व्या शतकाच्या पूर्वार्धात झाला आणि ब्रिटन, आयर्लंड व अमेरिकेची संयुक्त संस्थाने ह्या देशांत तिला व्यापक चळवळीचे रूप आले. धर्म किशोरांच्या मद्यपानास कितपत आळा घालू शकतो, ह्या प्रश्नाची एक मोठी व दीर्घकालीन कसोटी म्हणून ह्या चळवळीच्या इतिहासाकडे पाहता येते. कोवळ्या वयातील शपथेचे बळ तिच्या शब्दांत वा पापाच्या भयात फारसे नसते. कुटुंब, सवंगडी व उपासकांचा समुदाय ह्यांच्या आधारावर ते मुख्यतः अवलंबून असते, असे ह्या इतिहासावरून दिसून येते.

धार्मिक पार्श्वभूमी : मद्याविषयी निरनिराळ्या धर्मांची भूमिका सारखी नाही. इस्लाममध्ये मद्य निषिद्ध आहे. बौद्ध धर्माच्या पंचशीलातील पाचवे शील मद्यादी मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. अशा धर्मांत वाढणाऱ्या मुलाला मद्य न पिण्याची वेगळी प्रतिज्ञा घ्यावी लागत नाही. धर्माच्या सर्वसामान्य आचारातच ती अंतर्भूत असते. ज्यू व ख्रिस्ती धर्मांची स्थिती निराळी आहे. ज्यूंच्या शब्बाथच्या व सणांच्या विधींत द्राक्षमद्यावर आशीर्वचन म्हटले जाते. ख्रिस्ती धर्मातील प्रभुभोजनाच्या विधीत भाकर व द्राक्षमद्य ह्यांना मध्यवर्ती स्थान आहे. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचे द्राक्षमद्य केल्याची कथा योहानकृत शुभवर्तमानात आहे, तर प्रकृतीसाठी थोडे द्राक्षमद्य घेण्याचा सल्ला तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आढळतो. बायबलमध्ये धिक्कार आहे तो मुख्यतः मद्यधुंदतेचा.

त्यामुळे ख्रिस्ती मद्यवर्जनवाद्यांपुढे एक अडचण होती. ज्या वस्तूला धर्माने विधीत स्थान दिले, ती सर्वस्वी पाप आहे असे सांगणे कठीण होते. ह्या अडचणीतून प्रतिज्ञेचा मार्ग निघाला. आज्ञा नसली, तरी व्रत घेता येते, हा त्यामागील विचार होय. त्याला जुन्या करारात आधारही होता. आपला पूर्वज योनादाब ह्याच्या सांगण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षमद्य वर्ज्य करणाऱ्या रेखाबी घराण्याची कथा यिर्मयाच्या ग्रंथात (अध्याय ३५) येते. १८३५ मध्ये इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथे स्थापन झालेल्या मद्यवर्जकांच्या परस्परसाहाय्य संस्थेने ‘रेखाबाइट्स’ हे नाव घेतले, ते ह्याच कथेवरून. ह्या संस्थेने पुढे मुलांसाठीही स्वतंत्र शाखा काढल्या. सभासदांना आजारपणात व मृत्युप्रसंगी आर्थिक साहाय्य मिळत असल्यामुळे शपथ पाळण्याला व्यावहारिक अर्थही प्राप्त झाला.

प्रारंभ : १९व्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील श्रमिक कुटुंबांत बिअर हे नित्याचे पेय होते. औद्योगिक नगरांतील पाणी बहुधा दूषित असे. १८३० च्या बिअरगृह कायद्याने अल्प शुल्क भरून बिअर विकण्याचा परवाना मिळणे सुलभ केले, त्यामुळे गुत्त्यांची संख्या झपाट्याने वाढली. घरच्या मोठ्या माणसांसाठी गुत्त्यावरून भांडे भरून बिअर आणणे, हे मुलांचे नेहमीचे काम होते. शिवाय मुले लहान वयातच गिरण्यांत व कार्यशाळांत कामाला लागत आणि तेथील प्रौढ कामगारांच्या चालीरीती उचलत. किशोर आणि मद्य ह्यांची भेट अशी घरात, रस्त्यावर व कामाच्या ठिकाणी होत असे.

आरंभीच्या मद्यविरोधी संस्थांचा कटाक्ष जिन, व्हिस्की ह्यांसारख्या ऊर्ध्वपातित मद्यांवर होता. बिअर व द्राक्षमद्य ह्यांना त्यांचा विरोध नव्हता. लँकाशरमधील प्रेस्टन येथे जोसेफ लिव्ह्‌सी ह्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १ सप्टेंबर १८३२ रोजी सर्वच मादक पेये वर्ज्य करण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. पूर्ण मद्यवर्जनासाठी रूढ झालेला ‘टीटोटल’ हा इंग्रजी शब्द त्याच गावातील रिचर्ड टर्नर ह्या कामगाराच्या १८३३ मधील भाषणातून प्रचारात आला, असे मानतात.

ही चळवळ धर्मनिष्ठ माणसांनी चालविली असली, तरी प्रस्थापित धर्मसंस्थांनी तिचे स्वागत केले नाही. वेस्लियन मेथडिस्टांच्या १८४१ च्या परिषदेने प्रभुभोजनात न आंबविलेला द्राक्षरस वापरण्यास मनाई केली आणि मद्यवर्जनाच्या सभांसाठी प्रार्थनामंदिरे देऊ नयेत, असा निर्णय घेतला. माणसाचा उद्धार देवाच्या कृपेने होतो, कागदावरील सहीने नव्हे, हा धर्मशास्त्रीय आक्षेप त्यामागे होता. पुढील तीस-चाळीस वर्षांत हा विरोध मावळला. अँग्लिकन चर्चची मद्यवर्जन संस्था १८६२ मध्ये निघाली. १८७३ मध्ये तिची पुनर्रचना होऊन पूर्ण वर्जन करणारे व मिताचारी अशा दोघांनाही तीत प्रवेश मिळाला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात टॉमस वेल्च ह्या मेथडिस्ट गृहस्थाने १८६९ मध्ये पाश्चरीकरणाच्या साहाय्याने न आंबणारा द्राक्षरस तयार केला. त्यामुळे मद्यवर्जक मंडळींना प्रभुभोजनाचा विधी व प्रतिज्ञा ह्यांचा मेळ घालणे शक्य झाले. प्रतिज्ञाबद्ध मुलांच्या दृष्टीने ह्या गोष्टीचे महत्त्व मोठे होते. कारण अन्यथा त्यांनी टाळलेला पेला धर्मगुरूच त्यांच्या ओठी लावत असे.

बँड ऑफ होप : मुलांसाठी असलेली ह्या चळवळीची सर्वांत प्रसिद्ध संघटना ‘बँड ऑफ होप’ (आशेचा मेळा) ही होय. आयर्लंडमधील प्रेसबिटेरियन मद्यवर्जन-कार्यकर्ती ॲन जेन कार्लाइल हिने १८४७ मध्ये लीड्स येथे मुलांपुढे भाषणे दिली आणि तेथील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जेबेझ टनिक्लिफ ह्याच्या पुढाकाराने त्याच वर्षी संघटनेची स्थापना झाली. मद्यपानाने मरणपंथास लागलेल्या एका तरुणाने, पहिल्या पेल्यापासूनच मुलांना सावध करा, अशी विनंती टनिक्लिफला केली होती, अशी कथा संघटनेत परंपरेने सांगितली जाई. प्रौढ मद्यप्याला सुधारण्यापेक्षा न पिणाऱ्याला तसेच राखणे सोपे, ह्या संघटनेच्या मूळ कल्पनेचे सार ह्या कथेत आहे.

बँड ऑफ होपचे कार्य रविवारच्या धर्मशाळा व प्रार्थनामंदिरे ह्यांच्या आश्रयाने चाले. आठवड्यातून एकदा सायंकाळी मुले जमत. प्रार्थना, समूहगीते, कवितापठन, संवाद, शरीरशास्त्रावरील सोपी व्याख्याने आणि जादूच्या दिव्याच्या साहाय्याने दाखविलेली चित्रे, असा कार्यक्रम असे. प्रतिज्ञा घेतलेल्या मुलाला सुशोभित प्रतिज्ञापत्र मिळे व ते घरच्या भिंतीवर लावले जाई. उन्हाळ्यात सहली निघत, निशाणे घेऊन मिरवणुका काढल्या जात. १८५१ पासून टॉमस बायवॉटर स्मिथीज ह्याच्या संपादनाखाली ‘बँड ऑफ होप रिव्ह्यू’ हे सचित्र मासिक निघू लागले. ज्या काळी श्रमिकांच्या मुलांसाठी करमणुकीची साधने जवळजवळ नव्हती, त्या काळी आठवड्यातील ही सायंकाळ मुलांना हवीहवीशी वाटे. १८५५ मध्ये स्थानिक शाखांचा देशव्यापी संघ स्थापन झाला आणि शतकाच्या अखेरीस सभासदसंख्या तीस लाखांवर गेली.

एवढ्या मोठ्या सभासदसंख्येच्या मानाने प्रौढ मद्यवर्जकांची संख्या वाढली नाही. मुले सात-आठ वर्षांची असताना संघटनेत येत आणि तेरा-चौदाव्या वर्षानंतर तिच्यापासून दुरावत. शाळा सुटून कामावर जाऊ लागलेल्या मुलाला लहान मुलांच्या मेळ्यात बसणे कमीपणाचे वाटे. पहिल्या मजुरीच्या दिवशी सोबत्यांना पाजण्याची व त्यांच्याबरोबर पिण्याची रीत अनेक व्यवसायांत होती आणि तेथे त्याची प्रतिज्ञा जाणणारे कोणी नसे. म्हणजे प्रतिज्ञेची खरी परीक्षा ज्या वयात व ज्या ठिकाणी होणार, नेमक्या तेथेच संघटना त्याच्या पाठीशी नसे. ही गळती चालकांच्या ध्यानात आली होती व त्यांनी मोठ्या मुलांसाठी वेगळे वर्ग काढून ती थांबविण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यांना पूर्ण यश आले नाही. जी मुले प्रार्थनामंदिर, रविवारची शाळा व परस्परसाहाय्य संस्था ह्यांच्याशी कुटुंबासह जोडलेली होती, ती बहुधा टिकली. केवळ करमणुकीसाठी आलेली पांगली.

आयर्लंड : आयर्लंडमधील प्रतिज्ञेचा इतिहास दोन टप्प्यांत विभागता येतो. कॅपुचिन संन्यासी थीओबॉल्ड मॅथ्यू (१७९०–१८५६) ह्याने एप्रिल १८३८ मध्ये कॉर्क येथे पूर्ण मद्यवर्जनाची मोहीम सुरू केली. तो गावोगाव फिरे आणि लोक हजारोंच्या संख्येने गुडघे टेकून त्याच्यापुढे प्रतिज्ञा घेत. त्यांत मुलेही असत. काही वर्षांतच प्रतिज्ञाबद्धांची संख्या लक्षावधींवर गेली. देशातील करपात्र मद्याचा खप १८३९ ते १८४२ ह्या काळात निम्म्याहून खाली आला. परंतु ह्या मोहिमेचा सारा भार एका व्यक्तीच्या प्रभावावर होता. गावागावांत ती टिकवून धरणाऱ्या संस्था पुरेशा निर्माण झाल्या नाहीत. शपथेला चमत्काराचे सामर्थ्य आहे, अशी भोळी समजूतही लोकांत पसरली होती. १८४५ पासूनच्या भीषण दुष्काळात समाजाची घडी विस्कटली आणि चळवळही ओसरली.

ह्या अनुभवापासून बोध घेऊन जेम्स कलन (१८४१–१९२१) ह्या जेझुइट धर्मगुरूने २८ डिसेंबर १८९८ रोजी डब्लिन येथे चार स्त्रियांच्या साहाय्याने ‘पायोनियर’ मद्यवर्जन संस्था स्थापन केली. हजारोंच्या घाऊक शपथांवर कलनचा विश्वास नव्हता. थोड्या परंतु निष्ठावंत सभासदांचा गाभा त्याला हवा होता. संस्थेचे अधिष्ठान येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती हे होते. मद्य ही मुळात वाईट वस्तू आहे, असे संस्था म्हणत नसे. मद्य ही चांगली वस्तू असूनही इतरांच्या पापांच्या परिमार्जनार्थ तिचा आजन्म त्याग करावयाचा, अशी तिची भूमिका होती. ब्रिटिश बँड ऑफ होपच्या मुलाला मद्य हे विष आहे असे शिकविले जाई, तर आयरिश मुलाला ते देवाला अर्पण करण्याजोगे दान आहे असे सांगितले जाई. कृती एकच असली, तरी तिचा मुलाच्या मनातील अर्थ भिन्न होता.

सभासदाने पवित्र हृदयाचे छोटे पदक कपड्यांवर उघडपणे लावावे, असा पायोनियर संस्थेचा नियम होता. ह्या साध्या नियमाचे कार्य मोठे होते. पदक पाहून कोणी मद्याचा आग्रह करीत नसे आणि नकार देण्याचा संकोच तरुणाला पुन्हापुन्हा सोसावा लागत नसे. पदक उतरविले, तर शेजारीपाजारी ते ताबडतोब ध्यानात येई. २०व्या शतकात आयर्लंडच्या अनेक धर्मप्रांतांत दृढीकरणाच्या संस्कारप्रसंगी, म्हणजे सु. बाराव्या वर्षी, बिशपसमोर मुलांकडून ठराविक वयापर्यंत मद्य न पिण्याची शपथ घेववून घेण्याची प्रथा रूढ झाली. एकविसावे वर्ष, व पुढे अनेक ठिकाणी अठरावे वर्ष, ही तिची मर्यादा असे. शतकाच्या मध्यास पायोनियर सभासदांची संख्या पाच लाखांच्या जवळपास पोहोचली होती. सु. तीस लाख लोकवस्तीच्या देशात हे प्रमाण फार मोठे होते. १९४९ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर संस्थेचा सुवर्णमहोत्सव प्रचंड जनसमुदायाच्या उपस्थितीत साजरा झाला.

दृढीकरणाच्या शपथेत एक मूलभूत दोष होता. सगळा वर्ग एकत्र उभा राहून शपथ घेत असल्यामुळे ती स्वेच्छेची आहे, असे म्हणणे कठीण होते. शिवाय तिला मुदत असल्यामुळे मद्यपान हे प्रौढत्वाचे लक्षण आहे, असाही संदेश तीतून नकळत मिळे; मुदत संपण्याचा दिवस हाच पहिल्या पेल्याचा मुहूर्त ठरण्याचा संभव असे. १९६० नंतर आर्थिक सुबत्ता, नागरीकरण, दूरचित्रवाणी व बदललेली युवकसंस्कृती ह्यांमुळे, आणि १९९० नंतर धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आल्यामुळे चर्चचा अधिकार क्षीण झाला. पायोनियर सभासदांची संख्या घटत गेली. देशातील दरडोई मद्यसेवनाने २००१ च्या सुमारास उच्चांक गाठला.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : अमेरिकेत मुलांच्या मद्यवर्जनाला शालेय शिक्षणाची जोड मिळाली. १८७४ मध्ये क्लीव्हलँड येथे स्थापन झालेल्या ‘विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ ह्या स्त्रियांच्या ख्रिस्ती मद्यवर्जन संघटनेने मुलांसाठी ‘लॉयल टेंपरन्स लीजन’ ही शाखा काढली. १८७९ ते १८९८ ह्या काळात फ्रान्सिस विलर्ड ही संघटनेची अध्यक्षा होती. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ ह्या काळात अमेरिकेत असताना त्यांचा विलर्डशी व ह्या संघटनेशी निकटचा संबंध आला. ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) ह्या आपल्या ग्रंथात त्यांनी ह्या संघटनेच्या कार्याची माहिती दिली आणि अशा रीतीने मराठी वाचकांना ह्या चळवळीचा परिचय झाला.

संघटनेच्या शिक्षणविभागाची प्रमुख मेरी हंट (१८३०–१९०६) हिने सार्वजनिक शाळांत मद्याच्या दुष्परिणामांचे शिक्षण सक्तीचे करण्यासाठी मोहीम चालविली. असा पहिला कायदा व्हर्माँट राज्याने १८८२ मध्ये केला आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत देशातील सर्व राज्यांत असे कायदे झाले. कोणती पाठ्यपुस्तके संमत करावयाची, ह्यावर हंटचा मोठा प्रभाव होता. मद्याचा अल्पांशही विषारी असतो, असे प्रतिपादन ह्या पुस्तकांत असावे, असा तिचा आग्रह होता. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कमिटी ऑफ फिफ्टी’ ह्या विद्वानांच्या समितीने १९०३ च्या आपल्या अहवालात ह्या पुस्तकांवर कठोर टीका केली. त्यांतील अनेक विधाने शास्त्रीय कसोटीस उतरत नाहीत, असे तिने दाखवून दिले. धर्मश्रद्धेने प्रेरित झालेले शिक्षण शास्त्राच्या नावाने अतिशयोक्ती करू लागले, म्हणजे मुलांचा त्यावरील विश्वास पुढे टिकत नाही, हा ह्या वादातून निघालेला निष्कर्ष नंतरच्या व्यसनप्रतिबंधक शिक्षणालाही लागू पडणारा आहे. ह्या शिक्षणात वाढलेल्या पिढ्यांनी १९२० मध्ये अंमलात आलेल्या राष्ट्रीय दारूबंदीला पाठिंबा दिला, असे म्हटले जाते. तथापि १९३३ मध्ये ती बंदी रद्द झाली.

ब्रिटनमध्ये प्रतिज्ञेचे कार्य हळूहळू कायद्याने हाती घेतले. १९०१ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना मोहोरबंद नसलेल्या भांड्यातून मद्य विकण्यास बंदी केली. गुत्त्यावरून बिअर आणण्याची मुलांची जुनी चाल त्यामुळे आटोक्यात आली. १९०८ च्या बालक अधिनियमाने चौदा वर्षांखालील मुलांना मद्यगृहातील पानकक्षात प्रवेश नाकारला. नॅन्सी ॲस्टर हिने मांडलेल्या विधेयकानुसार १९२३ मध्ये मद्यगृहांत अठरा वर्षांखालील व्यक्तींना मद्य विकण्यास मनाई झाली. पहिल्या महायुद्धानंतर चित्रपट, क्रीडा व इतर युवकसंघटना ह्यांमुळे बँड ऑफ होपच्या सायंकाळचे आकर्षण उरले नाही. रविवारच्या शाळांची उपस्थिती घटत गेली, तसतशी संघटनाही आकुंचित झाली. १९९५ मध्ये तिने ‘होप यूके’ हे नाव घेतले व मादक द्रव्यांविषयी मुलांना शिक्षण देणे, हे आपले कार्यक्षेत्र ठरविले.

समाजशास्त्रीय अभ्यास : विसाव्या शतकाच्या मध्यापासून धर्म व तरुणांचे मद्यपान ह्यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास होऊ लागला. रॉबर्ट स्ट्राउस व सेल्डन बेकन ह्यांनी अमेरिकेतील २७ महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची पाहणी करून १९५३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक ज्यू विद्यार्थी मद्य घेत होते, परंतु त्यांच्यात मद्यधुंदता व तिच्यातून उद्‌भवणारे प्रश्न कमी होते. याउलट, मद्य वर्ज्य मानणाऱ्या मॉर्मन पंथातील पिणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या तुलनेने थोडी होती. परंतु जे पीत, त्यांच्यात असे प्रश्न अधिक आढळले. चार्ल्स स्नायडर ह्याने १९५८ च्या आपल्या ग्रंथात ज्यूंच्या संयमाची मीमांसा केली. ज्यू मूल लहानपणापासून घरातील विधीत वडीलधाऱ्यांच्या देखत द्राक्षमद्याचा घोट घेते. त्यामुळे मद्याचे स्थान, काळ व मर्यादा त्याच्या मनात निश्चित होतात. विधिनिष्ठा जसजशी सैल होते, तसतसा हा संयमही सैल होतो, असे स्नायडरला आढळले.

ह्यावरून लहानपणी मद्य दिल्याने संयम येतो, असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. वाढत्या वयातील मेंदूवर मद्याचे अनिष्ट परिणाम होतात आणि लवकर सुरू झालेल्या मद्यपानाचा पुढील व्यसनाधीनतेशी संबंध आढळतो, हे नंतरच्या वैद्यकीय संशोधनातून पुढे आले आहे. स्नायडरच्या अभ्यासाचे तात्पर्य निराळे आहे. तेथे संयम निर्माण होतो तो पेल्यामुळे नव्हे. पेल्याभोवतीच्या कुटुंबामुळे व विधीमुळे. मॉर्मन विद्यार्थ्याचे उदाहरण ह्याचीच दुसरी बाजू दाखविते. ज्या समाजात प्यावयाचेच नाही, तेथे किती प्यावे ह्याचा कोणताही दंडक नसतो. एकदा मर्यादा ओलांडली, म्हणजे तरुण आपल्या समाजापासून तुटतो आणि त्याला सावरणारे कोणी उरत नाही.

ट्रॅव्हिस हर्शी व रॉडनी स्टार्क ह्यांनी कॅलिफोर्नियातील शाळकरी मुलांच्या पाहणीवरून १९६९ मध्ये असा निष्कर्ष काढला, की चर्चमध्ये जाणारी व नरकाच्या शिक्षेवर विश्वास ठेवणारी मुले इतरांहून कमी गुन्हे करतात, असे दिसत नाही. ह्या निष्कर्षाने मोठी खळबळ उडाली. स्टीव्हन बर्केट व मर्व्हिन व्हाइट ह्यांनी १९७४ मध्ये त्याला महत्त्वाची पुस्ती जोडली : चोरी वा मारामारी ह्यांच्या बाबतीत धर्माचा प्रभाव क्षीण असला, तरी मद्य व गांजा ह्यांच्या बाबतीत तो स्पष्ट दिसतो. चोरीला सर्वच समाज वाईट म्हणतो. मद्याविषयी समाजाचे एकमत नसल्यामुळे तेथे धर्माची शिकवण वेगळी उठून दिसते, अशी त्याची उपपत्ती लावता येते. पुढे १९८२ मध्ये स्टार्कने सहकाऱ्यांसह आपल्या मूळ निष्कर्षाला मुरड घातली. मुलाच्या वैयक्तिक श्रद्धेपेक्षा त्याच्या भोवतालचे बहुसंख्य सवंगडी धर्माचरण करणारे आहेत की नाहीत, ह्यावर धर्माचा प्रभाव अवलंबून असतो, असे त्याने मांडले. अमेरिकेत १९७५ पासून दरवर्षी होत असलेल्या शालेय विद्यार्थ्यांच्या पाहणीतही धर्माला महत्त्व देणाऱ्या विद्यार्थ्यांत मद्यपानाचे प्रमाण कमी असल्याचे आढळले आहे. अर्थात हा संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे; धार्मिक घरातील मुलांवर आईवडिलांची देखरेख अधिक असते, हेही त्याचे एक कारण असू शकते.

मूल्यमापन : धर्माचा आधार नसतानाही किशोरांचे मद्यपान घटू शकते, हे एकविसाव्या शतकातील अनुभवाने दाखवून दिले आहे. इंग्लंडमध्ये ११ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांत कधी ना कधी मद्य प्यालेल्यांचे प्रमाण २००३ मध्ये ६१ टक्के होते, ते २०१४ मध्ये ३८ टक्क्यांवर आले. ह्याच कालखंडात इंग्लंड व वेल्समधील स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे प्रमाण २००१ मधील सु. ७२ टक्क्यांवरून २०२१ मध्ये सु. ४६ टक्क्यांपर्यंत उतरले. आइसलँडमध्ये मागील महिन्यात मद्यधुंद झाल्याचे सांगणाऱ्या १५–१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते. २०१६ मध्ये ते ५ टक्के झाले. तेथे क्रीडा व कला ह्यांचे संघटित वर्ग, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर निर्बंध आणि पालकांनी एकमेकांशी केलेले लेखी करार ह्या उपायांवर भर देण्यात आला होता.

ह्या उपायांचे बँड ऑफ होपच्या कार्यपद्धतीशी असलेले साम्य लक्षणीय आहे. संध्याकाळचा रिकामा वेळ भरून काढणे, समवयस्कांचा मेळा जमविणे, लेखी वचन घेणे व वडीलधाऱ्यांची नजर ठेवणे, ही साधने दोहोंकडे आहेत. महत्त्वाचा फरक असा, की आइसलँडमध्ये सही करतात ते पालक, तर लीड्समध्ये सही केली ती मुलाने. वचन पाळण्याची जबाबदारी आठ-दहा वर्षांच्या मुलावर टाकून प्रौढ समाज स्वतः गुत्त्याकडे जात राहिला, हे एकोणिसाव्या शतकातील चळवळीचे मर्मस्थानी असलेले वैगुण्य होय.

तथापि ह्या चळवळीचे श्रेय नाकारता येत नाही. मद्यपान हा मुलांच्या हिताचा प्रश्न आहे, ही जाणीव तिने प्रथम व्यापक प्रमाणावर निर्माण केली. मुलांना मद्य विकण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यांसाठी लोकमत तयार केले आणि श्रमिकांच्या मुलांना संगीत, वाचन व सहवास ह्यांचा लाभ करून दिला. दारिद्र्यात व मद्याच्या सान्निध्यात वाढणाऱ्या असंख्य मुलांना ‘नको’ म्हणण्याचे धैर्य तिने दिले. हे धैर्य जेथे घर व उपासक-समुदाय ह्यांनी जोपासले, तेथे ते आयुष्यभर टिकले. जेथे मुलाला केवळ शपथ मिळाली व सोबत मिळाली नाही, तेथे प्रतिज्ञापत्र भिंतीवर राहिले आणि मूल गुत्त्यात गेले.